मिलमधला बदलता पृष्ठभाग : रंगद्रव्य दळताना त्यावर नजर ठेवण्याची पार्श्वभूमी

रंगद्रव्य मिलमध्ये घातले की दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. गुठळ्या सुटतात, आणि त्याबरोबर द्रवाला आजवर न भिडलेला पृष्ठभाग उघडा पडतो. पहिली गोष्ट मोजायला सोपी, म्हणून रंगउद्योगाने ती आधी मोजली. दुसरी मोजण्याची साधने हाती यायला अनेक दशके गेली. डब्यात घट्ट होणारा, छटा बदलणारा किंवा तळाला बसणारा माल मात्र बहुतेक वेळा या दुसऱ्या गोष्टीकडे झालेल्या दुर्लक्षातून येतो.

आकड्यांत पाहिले की हे लगेच पटते. गोल कणाचे प्रतिग्रॅम क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये काढायचे तर ६ ला घनता आणि मायक्रॉनमधला व्यास यांच्या गुणाकाराने भागायचे. ०.२५ मायक्रॉनच्या टायटॅनियम डायऑक्साइडला (पांढरे रंगद्रव्य) सुमारे ६ चौरस मीटर मिळतात. १.५ घनतेचे सेंद्रिय रंगद्रव्य ०.१ मायक्रॉनपर्यंत उतरले की ४० आणि ०.०५ मायक्रॉनला ८०. पॉलिमरी डिस्पर्संट (कणांवर बसून त्यांना एकमेकांपासून वेगळे ठेवणारे द्रव्य) दर चौरस मीटरला साधारण २ मिलिग्रॅम लागतो असे धरले, तर रंगद्रव्याच्या वजनाच्या ८ टक्क्यांवर भागणारे काम १६ टक्क्यांवर जाते. मिल ठरलेल्या बिंदूपुढे चालू राहिली की डिस्पर्संट अपुरा पडतो, उघडे कण एकमेकांना चिकटतात आणि घोल घट्ट होतो. अशा वेळी सॉल्व्हंट ओतून घोल पातळ केला तर घट्टपणा झाकला जातो, कारण तसेच राहते.

जुनी कसोटी म्हणजे हेगमन गेज. पोलादी ठोकळ्यात १०० मायक्रॉनपासून शून्यापर्यंत उथळ होत जाणारी खाच, त्यात घोल ओढायचा आणि कण कुठे उठून दिसू लागतात ते वाचायचे. मापनपट्टी ० ते ८; ४ म्हणजे ५० मायक्रॉन, ७ म्हणजे १२.५. गेज आजही उपयोगी आहे, पण ते फक्त सर्वांत मोठे राहिलेले दाणे दाखवते. १२.५ मायक्रॉनचा दाणा टायटॅनियम डायऑक्साइडच्या मूळ कणाच्या ५० पट असतो, त्यामुळे गेजवर ७ आलेल्या दोन घोलांचे पृष्ठभाग एकमेकांपासून पूर्ण वेगळे असू शकतात. पृष्ठभागाबद्दल थोडेफार सांगणाऱ्या जुन्या कसोट्या दोन होत्या : काचेवर सुरीने जवसाचे तेल मळून काढलेले तेलशोषण आणि डॅनियल प्रवाहबिंदू. दुसऱ्या कसोटीत रेझिनचे वेगवेगळ्या तीव्रतेचे द्राव घेऊन रंगद्रव्य वाहू लागेपर्यंत प्रत्येकाचे किती मिलिलिटर लागतात ते पाहतात. जिथे सर्वांत कमी लागते ती तीव्रता दळण्यासाठी घेतात. हाताची सवय लागली की दोन्ही कसोट्या भरवशाच्या होतात. पण त्या सुरुवातीच्या कोरड्या भुकटीबद्दल बोलतात, मिलमध्ये तिसऱ्या तासाला काय आहे त्याबद्दल नाही.

१९३८ मध्ये ब्रुनाउअर, एमेट आणि टेलर यांनी वायुशोषणाचे समीकरण मांडले. उणे १९६ अंश सेल्सिअसला नायट्रोजनचा थर बसवून क्षेत्रफळ काढता येऊ लागले. एका नायट्रोजन रेणूची जागा ०.१६२ चौरस नॅनोमीटर धरतात. मोठीच प्रगती होती ती. अडचण एकच, पण मुळाशी असलेली : नमुना सुकवावा लागतो. मिलमधून काढलेला घोल सुकवला की कण पुन्हा गोळा होतात आणि डिस्पर्संट फटींत वाळून बसतो. मोजलेले क्षेत्रफळ घोलातल्या क्षेत्रफळापेक्षा कमी येते. त्याच काळात कणांमधल्या आकर्षण-प्रतिकर्षणाचा सिद्धांत उभा राहिला : देरजागिन व लांदाऊ १९४१, व्हेरवे व ओव्हरबेक १९४८. झेटा विभवाला, म्हणजे कणाभोवतीच्या विद्युतभाराच्या मापाला, त्यामुळे अर्थ आला, पण ते प्रकाशाने मोजायचे तर घोल अतिशय विरळ करावा लागे. साध्या पाण्याने विरळ केले की पीएच आणि क्षारांचे प्रमाण बदलते, सैल धरलेला डिस्पर्संट सुटतो, आणि जो पृष्ठभाग मोजायचा होता तोच नाहीसा होतो.

देखरेखीची गरज खरी तीव्र झाली ती मिल बदलल्यामुळे. गोळे भरलेली बॉल मिल रात्रभर फिरे. नव्या पृष्ठभागावर पॉलिमर बसायला तेवढा वेळ पुरेसा होता. १९५० च्या दशकात ड्यू पाँ कंपनीने सँड मिल आणली. आत सुमारे ०.६ ते ०.८५ मिलिमीटरची ऑटावा वाळू, आणि घोल काही मिनिटांत आरपार. नंतर काचेचे मणी आले, मग झिर्कोनियाचे, आणि त्यांचा आकार उतरत ०.३ व ०.१ मिलिमीटरवर आला. पृष्ठभाग उघडण्याचा वेग वाढला, डिस्पर्संट बसण्याचा वेग मात्र तोच राहिला. फिरत्या परिपथात घोल टाकीत परतल्यावर मिळणारा काळ म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

पृष्ठभाग नुसता वाढत नाही, त्याचे रसायनही बदलते. टायटॅनियम डायऑक्साइडवर ॲल्युमिना आणि सिलिकाचे लेप असतात. समविद्युत बिंदू, म्हणजे पृष्ठभागावरचा निव्वळ भार शून्य होतो तो पीएच, उघड्या रूटाइलचा (टायटॅनियम डायऑक्साइडचे एक स्फटिकरूप) ६ च्या आसपास, ॲल्युमिनाचा सुमारे ९, सिलिकाचा सुमारे २. जास्त रगडल्याने लेप खरवडला की हा बिंदू सरकतो, आणि सुरुवातीला नीट बसणारा डिस्पर्संट तेवढा घट्ट बसत नाही. कार्बन ब्लॅक या काळ्या रंगद्रव्यात पृष्ठभागावरचे ऑक्सिजनयुक्त गट निर्णायक असतात. १९६० च्या दशकात बोएमने रुळवलेल्या अनुमापनात सोडियम बायकार्बोनेट फक्त कार्बोक्सिल गट उदासीन करते, सोडियम कार्बोनेट लॅक्टोनही धरते आणि सोडियम हायड्रॉक्साइड फिनॉलही; फरकांवरून प्रत्येक गट वेगळा काढतात. कॉपर थॅलोसायनिन या निळ्या रंगद्रव्यात तर स्फटिकच बदलतो : कोरड्या दळणात बीटा रूपाचे अल्फा होत जाते, आणि ॲरोमॅटिक सॉल्व्हंट मिळाला की ते बीटाकडे परतते व स्फटिक वाढतात. निळा हिरवट होतो आणि रंगबळ घटते. त्यातच मणी झिजतात. सोडा-लाइम काचेतून सोडियम पाण्यात उतरते आणि पीएच वर चढतो. कारण लक्षात आले नाही तर दोष रंगद्रव्यावर येतो.

विरळ न करता विद्युतभार मोजण्याची वाट ध्वनीने उघडली. द्रावातून ध्वनिलहर गेली की विद्युत्‌विभव निर्माण होईल हे डिबायने १९३३ मध्ये मांडले होते. कलिलांसाठी ती कल्पना त्याच दशकात पुढे गेली, पण घट्ट घोलावर चालणारी उपकरणे १९८० च्या दशकातली आणि ओब्रायनचा सिद्धांत १९८८ चा. ही पद्धत कण व द्रव यांच्या घनतेतील फरकावर उभी आहे. टायटॅनियम डायऑक्साइडला संकेत भक्कम मिळतो, हलक्या सेंद्रिय रंगद्रव्याला क्षीण. हवेचे बुडबुडे ध्वनी गिळतात, म्हणून नमुना निर्वातात ठेवून हवा काढल्याशिवाय वाचन घेऊ नये.

दुसरी वाट एनएमआर शिथिलनाची, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात रेडिओलहरीने उत्तेजित केलेले प्रोटॉन मूळ स्थितीत किती लवकर परततात ते मोजण्याची. कणाला बिलगलेल्या द्रवातील प्रोटॉन मोकळ्या द्रवापेक्षा लवकर शिथिल होतात. दोन्हींची अदलाबदल जलद असल्यामुळे सरासरी दर ओल्या पृष्ठभागाच्या प्रमाणात वाढतो. छोट्या टेबलावरच्या यंत्रात एक मिलिलिटरही नमुना न लागता काही मिनिटांत आकडा मिळतो. दळणासाठी ही पद्धत सर्वांत सरळ आहे, कारण ती द्रव खरोखर पोचला आहे तेवढाच पृष्ठभाग मोजते. मात्र शिस्त लागते. नमुना मिलमधून घोल बाहेर पडतो तिथून घ्यावा, टाकीच्या वरून नाही. प्रत्येक नमुन्यासोबत तापमान आणि दर टनाला गेलेले किलोवॅट-तास नोंदवावेत. तापमान २५ अंशांवर आणावे आणि घन अंश तपासून घ्यावा, कारण सॉल्व्हंट उडाला तरी दर वाढतो. विरळ करणे अटळ असेल तर त्याच घोलाच्या सेंट्रिफ्यूजमधून निघालेला वरचा स्वच्छ द्रव वापरावा. त्याच द्रवात उरलेला डिस्पर्संट मोजला की कणांवर किती बसला तेही कळते.

सर्वांत फसवी चूक लोहाची. पोलादी भांड्यातून किंवा गोळ्यांतून झिजलेले लोह चुंबकीय असते आणि शिथिलनाचा दर वाढवते. क्षेत्रफळ वाढत आहे असे दिसते, प्रत्यक्षात भांडे झिजत असते. कॉपर थॅलोसायनिनमधले तांबेही अनुचुंबकीय, म्हणजे क्षीण चुंबकीय, आहे, म्हणून त्याची तुलना त्याच रंगद्रव्याच्या आधीच्या घाण्याशीच करावी. शंका आली तर नमुन्यातले लोह वेगळे मोजावे. दर चढत असताना सेंट्रिफ्यूजच्या वरच्या द्रवातला डिस्पर्संट घटला नसेल, तर आधी भांड्याचे अस्तर तपासावे.