आजव्याचं पाणी ‘सोडलं’ की ‘आलं’? बडोद्याच्या पुराची पार्श्वभूमी

बडोद्यात पाऊस लागला की दोनच प्रश्न असतात, आजवा किती आणि काळाघोडा किती, म्हणजे आजवा तलाव किती फुटांवर आणि काळाघोड्याच्या पुलापाशी विश्वामित्री नदी किती फुटांवर. विश्वामित्री कुठून येते, मगरी कुठे असतात हे इथे कुणाला सांगायला नको. पण दर पुरानंतर एका शब्दावरून भांडण होतं आणि त्यात खरा मुद्दा वाहून जातो, म्हणून हे लिहायला घेतलं.

आजवा, म्हणजे सयाजी सरोवर, १८९२ मध्ये पूर्ण झालं ते शहराला प्यायचं पाणी द्यायला, पूर अडवायला नाही. प्यायला हवं तर तलाव भरलेला पाहिजे, पूर टाळायचा तर रिकामा पाहिजे. हा पेच पहिल्या दिवसापासूनचा आहे. १९२७ च्या पुराच्या गोष्टी जुन्या घरांतून अजून निघतात, पण तेव्हाचं शहर एवढंसं, नदीकाठची कोतरं, म्हणजे घळी, मोकळी, पाण्याला पसरायला जागा होती. आता ती राहिली नाही.

आता तो शब्द. २०१९ मध्ये आणि परत २०२४ मध्ये शहरभर एकच वाक्य होतं, ‘आजव्यातून पाणी सोडलं’. अधिकाऱ्यांचं उत्तरही ठरलेलं, की आम्ही काही सोडलं नाही, बासष्ट दरवाज्यांची पातळी आधीच ठरलेली असते, तलाव त्याच्या वर गेला की पाणी आपोआप नदीत वाहतं. ही माहिती खरी आहे. तलाव २१४ फुटांपर्यंत भरता येतो, पण भर पावसाळ्यात दरवाजे २११ वर ठेवतात आणि नंतर २१२ वर नेतात. म्हणजे त्या रात्री कुणी चाक फिरवलं नाही हे कबूल, पण २११ ठेवायचं की २०९ ठेवायचं हे तर कुणीतरी कित्येक आठवडे आधी टेबलावर बसून ठरवलेलं असतंच ना? पाणी त्या दिवशीच ‘सोडलेलं’ असतं, फक्त आपल्याकडे पोचतं ऑगस्टात. म्हणून मला लोकांचाच शब्द जास्त बरोबर वाटतो. दुसरी बाजूही सांगायला हवी, आजवा पूर्ण कोरडा ठेवला तरी पावागढ डोंगराच्या बाजूचं पाणी, प्रतापपुरा तलाव, सूर्या नदी, शहराचा स्वतःचा पाऊस हे सगळं येणारच, आणि खाली विश्वामित्री जिला मिळते ती ढाढर नदी फुगली की विश्वामित्रीला पुढे जायला वाट नसते, पाणी मागे फिरतं. पण यातला एकच आकडा माणसाच्या हातात आहे, तो म्हणजे आजव्याची पातळी, आणि नेमका तो ठरतो तेव्हा नदीकाठच्या सोसायट्यांना कुणी विचारत नाही, नंतर कळवतही नाही. २०२४ ला पूर चढलेला असताना आजव्याचं पाणी नर्मदा कॅनालकडे वळवू असंही सरकारकडून बोललं गेलं, मग हा विचार जूनमध्ये का होत नाही हे मला अजून कळलेलं नाही.

सरकारी मदतीचा रस्ता वेगळ्याच बाजूने आला. २००१ चा कच्छचा भूकंप झाला आणि त्यानंतर राज्यात आपत्तीसाठी वेगळी यंत्रणा उभी राहिली, २००३ मध्ये राज्याचा कायदा आला, देशाचा २००५ मध्ये. तोवर मदत म्हणजे केशडोल (रोख मदत) आणि घरवखरी सहाय (घरातल्या सामानाची भरपाई), म्हणजे पाणी उतरल्यावर सर्व्हे, फॉर्म, पासबुकची झेरॉक्स. कायद्यात पूर येण्याआधीच्या कामांसाठी वेगळा फंड लिहिलेला होता, पण त्यात राज्यांसाठी ठरलेला पैसा यायला २०२१ उजाडलं, आणि तोही आपत्तीच्या एकूण रकमेच्या २० टक्के, बाकी ८० टक्के नंतरच्या मदतीलाच. त्याच २०२१ मध्ये हरित लवादाने विश्वामित्रीची हद्द आखा, अतिक्रमणं काढा असा आदेश दिला, त्याआधीची बरीच वर्षं रिव्हरफ्रंट करायचा की नाही यातच गेली होती.

२०१९ च्या ३१ जुलैला चोवीस तासांत जवळपास ५०० मिलीमीटर पाऊस झाला, तेव्हा सगळे म्हणाले हे अपवाद आहे. पाच वर्षांनी गोकुळाष्टमीच्या रात्री, २६ ऑगस्ट २०२४ ला, नदीने धोक्याची पातळी ओलांडली आणि नंतर ती ३५ फुटांच्याही वर गेली. गणपती बारा दिवसांवर होते. लष्कर बोलवावं लागलं. त्या वेळी व्यापाऱ्यांसाठी पॅकेज आलं, लारीवाल्याला (हातगाडीवाल्याला) ५,००० रुपये, छोट्या केबिनला, म्हणजे टपरीला, २०,०००, मोठीला ४०,०००, लहान दुकानाला ८५,००० आणि मोठ्यांना कर्जाच्या व्याजात सवलत. ज्याचं सगळं भिजलं त्याला हे पैसे लागतातच, त्याबद्दल तक्रार नाही. मग १,२०० कोटींची विश्वामित्री योजना जाहीर झाली आणि २०२५ च्या उन्हाळ्यात शहरातली साधारण २४ किलोमीटर नदी खोल-रुंद करायचं काम शंभर दिवसांत उरकायचं ठरलं, तेही नदीत चारशेवर मगरी असताना, त्यांची अंडी घालायची वेळ सांभाळून. भूखी, रूपारेल, मसिया या कांस म्हणजे पावसाचं पाणी नदीत नेणारे आपले जुने ओढे, त्यांच्याकडे मात्र अजूनही गटार साफ करायचंय असंच बघितलं जातं.

लोकांना सावध करण्याचं काम सगळ्यात मागे राहिलं. रिक्षावर भोंगा फिरतो, मोबाईलवर मेसेज येतो की नदी २६ फुटांवर म्हणजे धोक्याच्या पातळीवर पोचली. २६ फूट काळाघोड्याच्या पुलापाशी. समा, कारेलीबाग, मुजमहुडा, वडसर अशा नदीकाठच्या भागांत राहणाऱ्याने त्यातून काय समजायचं? कुणाच्या पार्किंगमध्ये त्याआधीच पाणी असतं, कुणाकडे बऱ्याच उशिरा येतं. आजव्याहून पाणी शहरात यायला काही तास लागतात, तेवढ्यात तळमजल्यावरची आजी वर नेता येते, गाड्या पुलावर लावता येतात, पण कधी हलायचं ते गल्लीच्या हिशोबात कुणी सांगितलं तर.

आमच्या सोसायटीत २०२४ च्या पाण्याची रेघ रंगकाम करताना मुद्दाम ठेवली. तिच्या शेजारी दोन काकांनी व्हॉट्सॲपचे जुने मेसेज शोधून काळाघोड्याचे फूट लिहिले, किती झाले की गेटशी पाणी, किती झाले की मीटरच्या पेटीशी. मागच्या जूनमध्ये पलीकडच्या दोन सोसायट्यांनी तो तक्ता मागून नेला, आणि वॉर्ड ऑफिसला दिलेल्या अर्जात आम्ही एवढंच मागितलंय की असा तक्ता प्रत्येक पुलावर लावा आणि २११ चा आकडा ठरतो त्या मीटिंगला आम्हाला बोलवा.