घरातली बंदूक आणि आईबाप : कुलपाच्या कायद्यापासून मनुष्यवधाच्या खटल्यापर्यंत

मुलाने गोळी झाडली तर जबाब कुणी द्यायचा, हा वाद अमेरिकेत गेल्या चार-पाच वर्षांत पेटला असला तरी घरात बंदूक कशी ठेवावी याचे नियम जुने आहेत. बोस्टनमध्ये भरलेले हत्यार घरात नेण्यावर १७८३ मध्येच बंदी आली होती. अर्थात तेव्हा काळजी होती ती आग विझवायला धावणाऱ्यांच्या जिवाची, कारण जळत्या घरात भरलेली बंदूक आपोआप उडू शकते. मुलांचा विचार त्यामागे नव्हता.

मुलांसाठी म्हणून पहिला कायदा केला तो फ्लोरिडाने, १९८९ मध्ये. घरातल्याच बंदुकीने लहान मुलांचे जीव जाण्याच्या घटना लागोपाठ घडल्या आणि विधिमंडळाला हलावे लागले. पुढे कॅलिफोर्निया आणि इतर राज्ये त्याच वाटेने गेली. या कायद्यांसमोर चित्र होते ते अपघाताचे : उशाखाली भरलेले पिस्तूल, ते हाती लागलेले चार-पाच वर्षांचे मूल. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी मुलाच्या हाती बंदूक पडल्यावरच गुन्हा लागू होतो. मॅसॅच्युसेट्सने १९९८ मध्ये वेगळा मार्ग धरला. तिथे बंदूक मालकाच्या ताब्यात नसेल तेव्हा ती कुलपातच हवी, मग घरात मूल असो वा नसो.

वयाची रेघ कुठे ओढली यावरही बरेच ठरते. टेक्सासच्या कायद्यात मूल म्हणजे १७ वर्षांखालचे. सँटा फे इथल्या शाळेत २०१८ मध्ये १० जणांचा जीव घेणारा विद्यार्थी १७ वर्षांचा होता. शस्त्रे वडिलांची होती, तरी हा कायदा आईवडिलांना लागूच झाला नाही. दिवाणी दाव्यातही २०२४ मध्ये ज्यूरीने त्यांना निष्काळजीपणाच्या ठपक्यातून मोकळे केले.

संपूर्ण देशासाठी कुलपाची सक्ती करणारा कायदा आजही नाही. परवानाधारक दुकानदाराने पिस्तूल विकताना सोबत कुलूप किंवा तसे साधन द्यावे, असे २००५ च्या कायद्याने ठरवले. ते लावलेच पाहिजे असे मात्र म्हटले नाही. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजधानी वॉशिंग्टनमधली पिस्तूलबंदी रद्द केली. घरातली बंदूक सुटे भाग करून किंवा चापाला कुलूप घालून ठेवण्याची अटही त्यात गेली, कारण तिला स्वसंरक्षणाचा अपवाद नव्हता. अपघात टाळण्यासाठी बंदुका कशा ठेवाव्यात हे सांगणाऱ्या कायद्यांना मात्र आपल्या निकालाने बाध येत नाही, असेही त्याच निकालात लिहिलेले आहे. कुलपाची सक्तीच घटनाबाह्य ठरली, असे विरोधक सांगतात तेव्हा हा भाग गाळतात.

खरा कलाटणीचा निकाल मिशिगनचा. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी ऑक्सफर्ड इथल्या शाळेत १५ वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांना ठार केले. पिस्तूल वडिलांनी चारच दिवस आधी, मुलाला सोबत नेऊन घेतले होते. दुसऱ्या दिवशी आई त्याला नेमबाजीच्या सरावाला घेऊन गेली. घटनेच्या सकाळी गणिताच्या कागदावर त्याने बंदुकीचे चित्र काढले होते आणि मनातले विचार थांबत नाहीत, मदत करा, असे लिहिले होते. शाळेने आईवडिलांना बोलावले, कागद दाखवला, उपचारांचे बघा म्हणून सांगितले. मुलाला घरी न नेता दोघे परत गेले. घरात नवे पिस्तूल आहे हे त्यांनी सांगितले नाही आणि शाळेनेही दप्तर तपासले नाही. दुपारी गोळ्या सुटल्या.

त्या वेळी मिशिगनमध्ये कुलपाचा कायदाच नव्हता. म्हणून सरकारी वकिलांनी थेट अनैच्छिक मनुष्यवधाचा, म्हणजे हेतू नसताना घोर निष्काळजीपणाने जीव गेल्याचा, आरोप लावला, आणि वादाचे मूळ इथेच आहे. एखाद्याने स्वतःच्या मर्जीने गुन्हा केला की त्याआधी दुसऱ्याने केलेल्या चुकीशी असलेली कारणाची साखळी तुटते, असे जुने तत्त्व आहे. बचावाने त्याचाच आधार घेतला : गोळ्या मुलाने झाडल्या, तो त्याचा निर्णय होता. राज्याच्या अपील न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये हे मानले नाही. मुलगा काय करू शकतो याची कल्पना येण्याइतक्या खुणा आईवडिलांसमोर होत्या, तेव्हा खटला चालू शकतो, असे ते म्हणाले. विचित्र वागणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पालकांना हा दंडक लागेल ही भीती व्यक्त होते. पण न्यायालयाने बोट ठेवले ते याच घरातल्या वस्तुस्थितीवर.

खटल्यात सगळे त्या कुलपाभोवती फिरले. पिस्तुलासोबत आलेले केबल लॉक, म्हणजे तारेचे कुलूप, पाकिटातच होते. पिस्तूल कपाटात लपवले होते, गोळ्या वेगळ्या ठेवल्या होत्या, असे वडिलांचे म्हणणे होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये आई आणि मार्चमध्ये वडील दोषी ठरले. दोघांना प्रत्येकी १० ते १५ वर्षे कैद झाली. मिशिगनचा कुलपाचा कायदा लागू झाला १३ फेब्रुवारीला, आईच्या निकालानंतर बरोबर एका आठवड्याने. तो आधी असता तर दुकानातून बाहेर पडतानाच त्या वडिलांवर एक स्पष्ट बंधन असते. विधिमंडळाने वेळेवर केले नाही ते काम मनुष्यवधाच्या कलमाला करावे लागले, आणि याबद्दल आईबापांइतके राज्यालाही विचारले पाहिजे.

तोवर प्रश्न अपघातापुरता राहिलाच नव्हता. २०२० पासून अमेरिकेत १ ते १९ वयोगटातल्या मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण बंदूक हेच आहे, आणि त्यात आत्महत्या मोठ्या संख्येने आहेत. शाळेत बंदुकीने हल्ला करणाऱ्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांना हत्यार स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या घरातच मिळाले, असे २०१९ च्या एका सरकारी अभ्यासात दिसले.

मिशिगननंतरचे पाऊल जॉर्जियात पडले. सप्टेंबर २०२४ मध्ये विंडरजवळच्या शाळेत दोन विद्यार्थी आणि दोन शिक्षक मारले गेले. संशयित १४ वर्षांचा. वडिलांनी त्याला नाताळची भेट म्हणून रायफल दिली होती, असे तपासात पुढे आले आणि त्यांच्यावर मनुष्यवधासोबत दुसऱ्या श्रेणीच्या खुनाचाही आरोप ठेवला गेला. बंदूक कुलपात ठेवा असे पालकांना सांगणारा कायदा तेव्हा जॉर्जियातही नव्हता.