परवाचा मी

मराठीतला ‘परवा’ दोन्हीकडे चालतो. ‘परवा भेटलो होतो’ म्हणतो, तसंच ‘परवा भेटू’ही म्हणतो. मागचे दोन दिवस आणि पुढचे दोन दिवस शब्दाला सारखेच. मनाला मात्र ते सारखे नसतात. दिवसांऐवजी वर्षं घेतली की हा फरक चांगलाच जाणवतो.

माझा पहिला ईमेल आयडी मी कॉलेजात असताना काढला. त्यात ‘रॉकस्टार’ आहे आणि पुढे तीन शून्यं. तेव्हा तो झकास वाटला होता. परवा एका काउंटरवर बाईंनी तो मोठ्यांदा वाचून ‘बरोबर ना?’ असं विचारलं, तेव्हा खाली बघतच ‘हो’ म्हणालो. तेव्हापासून मी किती बदललो हे मला पक्कं ठाऊक आहे. पुढच्या दहा वर्षांत किती बदलेन? ‘आता काय बदलायचं राहिलंय!’ हेच चटकन तोंडात येतं.

हे माझ्या एकट्याचं नाही. क्वाडबाख, गिल्बर्ट आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी १८ ते ६८ वयाच्या १९ हजारांहून अधिक लोकांना स्वभाव, मूल्यं, आवडीनिवडी यांविषयी विचारलं. काहींनी गेल्या दहा वर्षांतला बदल सांगितला, काहींनी येत्या दहा वर्षांतला अंदाज. मग अठरा वर्षांच्यांचा अंदाज अठ्ठावीस वर्षांच्यांच्या आठवणीशी ताडून पाहिला, आणि असंच पुढच्या वयांतही. अंदाज सतत तोकडाच पडला. २०१३ साली ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत हे काम छापून आलं. त्याला त्यांनी नाव दिलं ‘इतिहास संपल्याचा भ्रम’.

त्यातला पैशांचा प्रयोग मला फार आवडतो. आजचा लाडका बँड दहा वर्षांनी ऐकायला लोक सरासरी १२९ डॉलर मोजायला तयार होते. दहा वर्षांपूर्वीचा लाडका बँड आज ऐकायला मात्र ८०च.

पण आठवण म्हणजे काही वजनकाटा नव्हे. मागचा बदल लोक फुगवून सांगत असतील तर? ही शंका संशोधकांनाही होती. म्हणून त्यांनी दुसऱ्या एका पाहणीतली, काही वर्षांच्या अंतरानं एकाच माणसाचा स्वभाव दोनदा मोजलेली जुनी माहिती तपासली. आठवणीतला बदल प्रत्यक्षाच्या जवळ निघाला. चुकला होता तो अंदाज. कारण बहुधा साधं आहे. आठवणं सोपं, कल्पना करणं अवघड. चित्र डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून ते घडणारच नाही असं आपण धरून चालतो.

सगळेच सारखे धरून चालतात असंही नाही. झिम्बार्डो आणि बॉइड या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली ५६ विधानांची प्रश्नावली मांडली. काळाकडे बघण्याचे पाच कल त्यात मोजले जातात: भूतकाळाबद्दल कडवटपणा, भूतकाळाबद्दल माया, आजची मजा, ‘नशिबात असेल ते होईल’ आणि भविष्याची आखणी. नशीबवाल्याला बदल म्हणजे आपल्यावर येऊन आदळणारी गोष्ट, आखणीवाल्याला तो आपण घडवून आणायचा. (माणूस एकाच खणात बसतो असं मात्र समजू नका. पैशांत काटेकोर आखणी करणारा तब्येतीत नशिबावर हवाला ठेवतो, असे मी खूप पाहिलेत.)

हर्शफिल्ड या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी २०११ साली तर लोकांना संगणकावर म्हातारा केलेला त्यांचाच चेहरा दाखवला. तो पाहिलेल्यांनी निवृत्तीसाठी जास्त पैसे बाजूला ठेवायची तयारी दाखवली. सुरकुत्या दिसल्या तेव्हा कुठे पुढचा ‘मी’ नावाचा तो परका माणूस ओळखीचा झाला.

काउंटरवरून परतल्यावर मी नवा ईमेल आयडी काढला. नाव, आडनाव, मधे एक टिंब. साधा, सभ्य. हा काही मला पुन्हा बदलावा लागणार नाही.