पार्श्वभूमी : गिरणगावची जमीन कुणाच्या वाट्याला गेली

मुंबईच्या गिरणगावातलं, म्हणजे कापड गिरण्यांच्या भागातलं, लालबाग-परळ म्हटलं की गणपतीतल्या रांगा, चिवडा गल्ली आणि मसाला गल्ली आठवते. उन्हाळ्यात मसाला गल्लीत बायका बेडगी, संकेश्वरी पारखून घेतात, खडा मसाला भाजून तिथेच डंकावर कुटून घेतात आणि ठसक्याने रस्त्यावरचा माणूस शिंकत पुढे सरकतो.

परळला गव्हर्नरचा बंगला होता, १८९९ मध्ये तिथे प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा आली. तोवर गिरण्यांचा पसारा वाढत होता, कोकणातून आणि घाटावरून माणसं येत होती. चाळी, खानावळी, गावकीच्या खोल्या त्यांच्याच. गणेश गल्लीचा गणपती १९२८चा. लालबागचा राजा १९३४चा. इथला बाजार बंद झाल्यावर कोळी आणि विक्रेत्यांनी हक्काच्या जागेसाठी केलेल्या नवसाचा. जागेचं भांडण इथे तेव्हापासूनचं.

१८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला गिरणी कामगारांचा संप सर्वांना ठाऊक आहे. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. पण आजच्या परळचा चेहरा ठरवला तो संपाइतकाच एका नियमाने.

१९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ५८ तसा सरळ होता. गिरणीची जमीन विकासाला काढली की ढोबळमानाने एक तृतीयांश पालिकेला मैदानं-बागांसाठी, एक तृतीयांश सरकारी गृहनिर्माणासाठी, उरलेली मालकाला. मालकांनी जमिनी फारशा काढल्याच नाहीत. २००१ मध्ये सरकारने नियम बदलला: वाटे पडणार ते फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेचे. गिरणीचं आवार शेड आणि गोदामांनीच भरलेलं, त्यामुळे वाटायला उरलं किती? पाडकामानंतर निघालेली जमीन मालकाकडेच राहिली. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने पाडकामानंतरची जागाही मोकळीच धरली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. दरम्यान सरकारी मालकीच्या पाच गिरण्यांचा लिलावही उरकला होता.

जुन्या नियमामुळे जमीन अडकली आणि कामगारांची देणीही थकली, ही सरकारची बाजू अगदीच खोटी नाही. पण देणी भागवायला शहराची मैदानं का सोडायची, याचं पटेल असं उत्तर कुणी दिलेलं नाही.

पुढचं डोळ्यांसमोरच आहे. लोअर परळला मॉल आणि काचेची ऑफिसं आली. २०१७च्या डिसेंबरात एका गिरणीच्या आवारातल्या रेस्टॉरंटांना लागलेल्या आगीत १४ जणांचा जीव गेला. नमन आणि शक्ती-तुरा या कोकणातल्या लोककलांचं हक्काचं, परळचं दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं.

गिरणी कामगारांच्या घरांची पहिली मोठी सोडत निघाली २०१२ मध्ये. अर्ज दीड लाखाच्या घरात, घरं सात हजारांच्या आत. उरलेल्यांसाठी आता बदलापूरच्या पुढचं शेलू-वांगणी सुचवलं जातंय; कामगार संघटना मुंबईतच घर द्या म्हणून अडून बसल्या आहेत.