वायर पंधरा मीटरची, पोर्ट पलीकडच्या गावात

लिनक्सवर टर्मिनल उघडून ‘टीटीवाय’ टाइप केलं की त्या नावातच आजही टेलिटाइपचा, म्हणजे तारेवरून अक्षरं पाठवणाऱ्या आणि छापणाऱ्या यंत्राचा वारसा डोकावतो. १९६३ साली बाजारात आलेलं टेलिटाइप मॉडेल ३३ हे यंत्र ११० बॉडवर (सेकंदाला ११० बिट), म्हणजे सेकंदाला दहा अक्षरं या चालीने खडखडायचं. एका अक्षरामागे अकरा बिट जायचे. त्यातले शेवटचे दोन स्टॉप बिट, कारण पुढचं अक्षर येण्याआधी आतल्या यंत्रणेला सावरायला तेवढी उसंत लागे. पोर्टाची मांडणी ठरवणाऱ्या ‘एसटीटीवाय’ या आज्ञेत दोन स्टॉप बिटांचा पर्याय अजून आहे, तो तिथून आलेला.

१९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये युनिक्सचं काम सुरू झालं आणि त्याच वर्षी आरएस-२३२-सी हे सीरियल पोर्टाचं, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणाऱ्या जोडणीचं मानक आलं. त्यात वायरीची लांबी पन्नास फूट, म्हणजे साधारण पंधरा मीटर धरलेली. असा पोर्ट लांबून, नेटवर्कवरून वापरण्याची सगळी खटपट या पंधरा मीटरांपासून सुरू होते.

युनिक्सने पोर्टाला फाइल करून टाकलं: उघडा, वाचा, लिहा. पण वेग, पॅरिटी (चूक पकडणारा जादा बिट), डीटीआरची तार (‘मी तयार आहे’ हे सांगणारी) या गोष्टी काही फाइलमधले बाइट नव्हेत. त्यांच्यासाठी आधी वेगळे सिस्टम कॉल, म्हणजे कर्नलकडे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे) करायच्या मागण्या होत्या आणि १९७९ च्या सातव्या आवृत्तीत ‘आयओसीटीएल’ हा कॉल आला. माझ्या मते पुढचं सगळं दुखणं याच फटीतलं आहे. बाइट नेटवर्कवरून सहज जातात, ‘आयओसीटीएल’ मात्र त्याच मशीनच्या कर्नलशी बोलतो.

ऐंशीच्या दशकात टर्मिनल सर्व्हर नावाचे डबे आले: एका बाजूला इथरनेट, दुसऱ्या बाजूला आठ-सोळा सीरियल पोर्ट. मूळ हेतू टर्मिनलं मोठ्या संगणकाला जोडण्याचा होता. लवकरच लोकांनी तो उलटा वापरला, म्हणजे डब्याला मोडेम, प्रिंटर आणि सर्व्हरचे कन्सोल (देखरेखीचे पोर्ट) लावले. असे पोर्ट असलेल्या सिस्कोच्या राउटरवर २००५ क्रमांकाच्या टीसीपी पोर्टला (हा नेटवर्कवरचा नुसता क्रमांक) टेलनेट केलं, म्हणजे नेटवर्कवरून अक्षरांनी बोलायची जोडणी केली, की पाचव्या सीरियल लाइनवर पोचता येई. याला रिव्हर्स टेलनेट म्हणत.

पण १९८३ च्या टेलनेटमध्ये ‘ब्रेक’साठी (तारेवरचा एक खास इशारा, त्याबद्दल पुढे) २४३ हा संकेत असला, तरी वेग सांगायची सोय नव्हती. प्रोग्रॅम १९२०० म्हणतोय, डबा ९६०० वरच अडून बसलाय आणि पडद्यावर नुसता कचरा, असं व्हायचं. खोट्या टीटीवायचा, म्हणजे ‘पीटीवाय’चा आडोसा घेतला तर प्रोग्रॅमला पोर्ट दिसे, पण त्यामागे तारच नसल्याने डीटीआर मागितला की एरर.

आणि ‘ब्रेक’ तर भलताच प्रकार. तार ठरावीक वेळ एकाच पातळीवर धरून ठेवली की झाला ब्रेक. सन कंपनीच्या मशीनना कन्सोलवर ब्रेक मिळाला की त्या ऑपरेटिंग सिस्टिम थांबवून ‘ओके’ प्रॉम्प्टवर येत. टर्मिनल सर्व्हरची वीज गेली की तारेवरची पातळी पडे आणि मशीनला तो ब्रेकच वाटे. डबा बंद-चालू केला म्हणून धडधाकट सर्व्हर उभ्या उभ्या गारठायचा. प्रॉम्प्टवर ‘गो’ टाइप केलं की पुन्हा चालू, पण त्यासाठी कुणीतरी जागं असायला हवं ना!

ऑक्टोबर १९९७ मध्ये सिस्कोच्या ग्लेन क्लार्क यांनी आरएफसी २२१७ हा इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज लिहिला आणि टेलनेटला ४४ क्रमांकाचा पर्याय जोडला. ९६०० बॉड हवा असेल तर असे दहा बाइट जातात: २५५ २५० ४४ १ ० ० ३७ १२८ २५५ २४०. मधले चार म्हणजे ९६०० (३७ गुणिले २५६, अधिक १२८). पॅरिटी, डीटीआर, ब्रेक यांनाही असेच संकेत, आणि मोडेमच्या तारांची स्थिती बदलली तर सर्व्हर आपणहून कळवतो. किंमत एवढीच की डेटात २५५ आला तर तो दोनदा पाठवायचा. हे विसरून एका टोकाला टेलनेट आणि दुसऱ्या टोकाला कच्चा टीसीपी (ज्यात २५५ एकदाच जातो) लावला की बायनरी फाइल अधूनमधून बिघडते, तीही मजकूर नीट जात असताना.

आज सर्व्हरच्या बाजूला ‘सेर२नेट’ हा प्रोग्रॅम हे काम करतो. पायथन भाषेतला ‘पायसीरियल’ हा तयार कोडचा संच पोर्टाच्या नावाच्या जागी आरएफसी २२१७ चा पत्ता दिला तरी चालवून घेतो. पण प्रोग्रॅमला खरीखुरी डिव्हाइस फाइलच हवी असेल, तर एक तर त्या डब्याच्या उत्पादकाचा कर्नल ड्रायव्हर, नाहीतर ‘सोकॅट’ या प्रोग्रॅमने उभा केलेला पीटीवाय, त्याच्या जुन्या उणिवांसकट. आरएफसी २२१७ च्या माथ्यावर ‘प्रायोगिक’ हा शिक्का अजून तसाच आहे.