तोळ्यांवर सुनेचा मान ठरतो का?

"लग्नात मुलीच्या अंगावर जितकं सोनं, तितका तिला सासरी मान," असं पिढ्यानपिढ्या सांगितलं जातं. आईबाप पोरीच्या काळजीपोटी ते खरं मानतात, कर्ज काढतात. पण मान सोन्याला असता, तर दागिने लॉकरमध्ये गेले की मानही गेला असता. पडताळायचं तर आपल्याच गल्लीतली भिशी बघा. सगळ्यांचे पैसे कोणाकडे जमा होतात? जी रुपयान् रुपया वहीत मांडते, तारीख चुकवत नाही, तिच्याकडे. गळ्यात नुसती काळी पोत असली तरी!

आणि सासरच्यांनी तोळे ठरवून मागितले, तर तो हुंडाच. १९६१च्या कायद्याने हुंडा देणं-घेणं दोन्ही गुन्हा. स्वखुशीने मुलीला दिलेलं सोनं मात्र स्त्रीधन, त्यावर हक्क तिचाच.