प्रथिनाचा आकार आणि थेंबातलं मीठ

साखर कारखान्यात पॅनवर पाक जरा जास्त आटला की नको तेव्हा बारीक दाणा पडतो, आणि मग मोठा दाणा धरत नाही. सांगली-साताऱ्याकडच्या वाचकाला हे निराळं सांगायला नको. प्रथिनाचा आकार क्ष-किरणांनी टिपायचा तर आधी त्याचा स्फटिक वाढवावा लागतो, आणि तिथेही पेच हाच असतो. पण साखरेच्या दाण्याच्या आत पाणी जवळजवळ नसतं, तर प्रथिनाच्या स्फटिकात साधारण निम्मं पाणीच भरलेलं असतं. त्यात विरघळलेलं मीठ, आम्ल, अल्कोहोल थेट प्रथिनाला भिडतं. क्ष-किरणांनी जो आकार टिपला जातो तो या सगळ्यांच्या सहवासातला.

नवशिक्यांना पहिल्यांदा अंड्याच्या पांढऱ्यातलं लायसोझाइम हे प्रथिन देतात. ०.१ मोलर सोडियम ॲसिटेट, पीएच ४.५ च्या आसपास, दर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम प्रथिन. काचेवर त्याचा १ मायक्रोलिटर आणि प्लेटच्या खळग्यातल्या खारट द्रावणाचा (मीठ ५ ते ७ टक्के) १ मायक्रोलिटर एकत्र करायचा, काच उलटी करून ग्रीसने खळगा बंद करायचा. खाली ५०० मायक्रोलिटर द्रावण. थेंबातलं मीठ सुरुवातीला निम्मंच असल्याने त्यातलं पाणी वाफेवाटे हळूहळू खाली जातं आणि एक-दोन दिवसांत स्फटिक दिसतात. मीठ जास्त झालं तर नुसता गढूळ साका किंवा सुयांचा चुरा. तापमान २० अंशांवर धरून ठेवावं. मे महिन्यात लाईट गेली आणि खोली ३८ वर पोचली, की प्रथिन पुन्हा विरघळू लागतं किंवा वेगळ्याच रचनेचे स्फटिक येतात. साध्या मिठाऐवजी सोडियम नायट्रेट घेतलं तरी स्फटिकाची रचना बदलते.

लायसोझाइमचा गाभा यात फारसा हलत नाही. शेजारचा रेणू जिथे टेकतो तिथली बाहेरची वळणं आणि लांब बाजूसाखळ्या तेवढ्या सरकतात. सगळी प्रथिनं इतकी सोशिक नसतात. कॅल्मोड्युलिन या कॅल्शियम धरणाऱ्या प्रथिनाच्या १९८५ मधल्या स्फटिकात त्याच्या दोन गोल टोकांना जोडणारा लांब, सरळ दांडा दिसला. १९९२ मध्ये द्रावणात एनएमआरने (चुंबकीय क्षेत्रात अणूंचे संकेत टिपणाऱ्या तंत्राने) पाहिलं तर तो मधोमध लवचिक निघाला. २००३ मध्ये दुसऱ्या स्फटिकात तेच प्रथिन आखडून बसलेलं सापडलं. तिन्ही निरीक्षणं बरोबरच आहेत.

इन्सुलिनचं तर औषधाच्या बाटलीशी नातं आहे. जस्ताभोवती सहा रेणू जमतात, तेव्हा प्रत्येक रेणूच्या दोन साखळ्यांपैकी बी साखळीचे पहिले आठ दुवे (अमिनो आम्लं) ताणलेले असतात. फिनॉल घातलं की तेच दुवे मळसूत्रासारखे वळतात. बाटलीत फिनॉल किंवा मेटाक्रेसॉल असतंच, जंतू वाढू नयेत म्हणून. रक्तात मात्र काम करतो तो सुटा रेणू.

म्हणून पीडीबीची (प्रथिनांच्या रचनांच्या जागतिक साठ्याची) फाइल उघडली की चित्राआधी ‘रिमार्क २८०’ वाचावा; स्फटिक कशात वाढवला ते तिथे असतं. पीएच ४.५ असेल तर हिस्टिडिन या अमिनो आम्लावर प्रोटॉन चढलेला धरा, कारण त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्म्या रेणूंवर प्रोटॉन असतो तो आकडा) साधारण ६; पेशीत ७.२ ला तो बहुधा नसतो, आणि क्ष-किरणांना हायड्रोजन सहसा दिसत नाही. अमोनियम सल्फेट वापरलं असेल आणि क्रियास्थळी (प्रथिन जिथे आपलं काम करतं तिथे) सल्फेट बसलेला दिसला, तर तो फॉस्फेटची जागा अडवून बसला असण्याची शक्यता मोठी. ग्लिसरॉलचंही तसंच. १०० केल्विनला गोठवताना बर्फ होऊ नये म्हणून ते २० ते २५ टक्के घालतात, आणि ते प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसतं. औषध शोधणाऱ्याला ती खाच भरलेली वाटते.